पत्ता बदलला तरी पत्र पोहोचावे म्हणून

बदली झाली किंवा घर बदलले की आपण टपाल कार्यालयात नवा पत्ता देऊन येतो. त्यानंतर काही काळ जुन्या पत्त्यावर आलेली पत्रे नव्या घरी पाठवली जातात. ईमेलच्या बाबतीतही हेच करावे लागते. महाविद्यालयातून निवृत्त झालेल्या प्राध्यापिका, एका विभागातून दुसऱ्या विभागात गेलेला कर्मचारी, तीन-तीन पत्ते सांभाळून कंटाळलेले डॉक्टर, यांच्यापैकी प्रत्येकासाठी मेल सर्व्हरवर एक वेगळी ओळ लिहिलेली असते. या नावाने येणारी पत्रे त्या पत्त्यावर पाठवावीत, एवढेच ती ओळ सांगते. पण ती चुकली, तर रक्ततपासणीचा अहवाल किंवा मुलाखतीचे बोलावणे भलत्याच माणसाकडे जाते, नाहीतर कुठेच पोहोचत नाही.

पत्ता बदललेल्या माणसाचे पत्र हरवू नये आणि ते पोहोचलेच नाही तर पाठवणाऱ्याला तसे कळावे, यासाठीची शिस्त १९८२ साली कागदावर आली. ती लिहिणाऱ्याचे नाव होते जॉन पोस्टेल. आडनावाचा टपालाशी असलेला संबंध हा निव्वळ योगायोग. इंटरनेट वापरणाऱ्या बहुतेकांना हे नाव माहीत नसते. पण आपण पाठवलेले प्रत्येक ईमेल आजही त्यांनी घालून दिलेल्या वाटेनेच जाते.

पोस्टेल यांचा जन्म ६ ऑगस्ट १९४३ रोजी अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात, लॉस एंजेलिसजवळच्या अल्टाडीना येथे झाला. त्यांचे शालेय शिक्षण व्हॅन नाइस हायस्कूलमध्ये झाले. इंटरनेटच्या इतिहासातील आणखी दोन मोठी नावे, व्हिंट सर्फ आणि स्टीव्ह क्रॉकर, हीसुद्धा याच शाळेची. पुढे पोस्टेल लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात गेले. १९६६ मध्ये अभियांत्रिकीची पदवी, १९६८ मध्ये पदव्युत्तर पदवी आणि १९७४ मध्ये संगणकशास्त्रातील डॉक्टरेट, अशा तिन्ही पदव्या त्यांनी त्या एकाच विद्यापीठातून मिळवल्या.

तो काळ मोठ्या घडामोडींचा होता. अमेरिकी संरक्षण खात्याच्या पैशातून दूरदूरचे संगणक एकमेकांना जोडण्याचा अर्पानेट हा प्रकल्प सुरू झाला होता. त्याचे पहिले केंद्र याच विद्यापीठात, लेनर्ड क्लाइनरॉक यांच्या प्रयोगशाळेत उभे राहिले. २९ ऑक्टोबर १९६९ रोजी तेथून स्टॅनफर्ड संशोधन संस्थेतील संगणकाला पहिला संदेश गेला. प्रयोगशाळेत राबणाऱ्या विद्यार्थ्यांमध्ये पोस्टेल होते, सर्फ होते आणि क्रॉकरही होते.

दोन संगणक तारेने जोडले म्हणजे ते आपोआप बोलू लागत नाहीत. कोणी आधी बोलायचे, काय बोलायचे, समोरून उत्तर आले नाही तर काय करायचे, हे सगळे ठरवावे लागते. हे ठरवताना विद्यार्थ्यांनी एकमेकांना टिपणे पाठवायला सुरुवात केली. एप्रिल १९६९ मध्ये क्रॉकर यांनी या टिपणांची मालिका सुरू केली आणि तिला आरएफसी असे नाव पडले. आम्हाला असे सुचते आहे, तुमचे मत कळवा, असा त्या नावाचा भाव. या मालिकेच्या संपादनाची जबाबदारी पोस्टेल यांच्याकडे आली आणि मृत्यूपर्यंत, म्हणजे जवळजवळ तीस वर्षे, त्यांच्याकडेच राहिली. आलेले टिपण वाचायचे, ते अचूक आहे ना हे पाहायचे, त्याला क्रमांक द्यायचा आणि सर्वांना खुले करायचे, हे काम त्यांनी दोन हजारांहून अधिक टिपणांच्या बाबतीत केले.

याद्या ठेवण्याची त्यांना पहिल्यापासून आवड होती. एकाच संगणकावर अनेक सेवा चालतात आणि प्रत्येक सेवेला ठरलेला क्रमांक लागतो. हे क्रमांक कोणीतरी एकाने वाटावेत, असे पोस्टेल यांनी मे १९७२ मध्ये सुचवले आणि ते काम आपणच करावे का, असेही थोड्या मिस्कीलपणे विचारले. कोणी हरकत घेतली नाही. त्या दिवसापासून इंटरनेटच्या नोंदवहीचा कारभार त्यांच्याकडे आला तो कायमचा. मेल सर्व्हर ज्या २५ क्रमांकाच्या दारावर आजही पत्र स्वीकारतात, तो क्रमांक या नोंदवहीतलाच.

ईमेल मात्र या सगळ्यात काहीसे मागच्या दाराने आले. १९७१ मध्ये रे टॉमलिन्सन यांनी एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावरील व्यक्तीला संदेश पाठवून दाखवला आणि नाव व संगणक यांच्यामध्ये आज सर्वांना परिचित असलेले ॲट हे चिन्ह वापरले. पण पत्रांसाठी वेगळी व्यवस्था तेव्हा नव्हती. फाइल इकडून तिकडे नेणाऱ्या प्रणालीतच पत्रांसाठी जास्तीच्या आज्ञा जोडल्या होत्या. मालगाडीला टपालाचा डबा जोडावा तसा हा प्रकार. एकाच संगणकावरील पाच जणांना पत्र पाठवायचे तर तेच पत्र पाच वेळा पाठवावे लागे. पत्र घेणाऱ्या संगणकाला, हे मला नको, असे धड सांगताही येत नसे.

या दुसऱ्या अडचणीकडे पोस्टेल यांचे लक्ष फार लवकर गेले. तेव्हा ते स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत होते. नोव्हेंबर १९७५ मध्ये त्यांनी नको असलेल्या टपालाविषयी एक छोटे टिपण लिहिले. एखादा संगणक बिघडून किंवा मुद्दाम पत्रांचा भडिमार करू लागला, तर घेणाऱ्याकडे ते नाकारण्याचा उपाय हवा, हा त्याचा सार. स्पॅम हा शब्द ईमेलला चिकटण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट.

१९७७ मध्ये पोस्टेल दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या माहितीशास्त्र संस्थेत रुजू झाले. लॉस एंजेलिसजवळ मरीना डेल रे येथे समुद्रकाठी असलेल्या या संस्थेत त्यांनी पुढची २१ वर्षे, म्हणजे अखेरपर्यंत, काम केले. लांब दाढी, साधे कपडे, पायात सँडल आणि सुट्टी मिळाली की पाठीवर सामान बांधून सिएरा नेवाडाच्या डोंगरात भटकंती, असा हा माणूस. नव्या कंपन्या निघत होत्या, लोक श्रीमंत होत होते. पोस्टेल मात्र विद्यापीठातच राहून क्रमांक वाटत राहिले.

या संस्थेतच त्यांच्या हातून सर्वात मोठे काम झाले. इंटरनेटचा पाया असलेल्या आयपी आणि टीसीपी या नियमावल्यांचे १९८१ मधील मसुदे त्यांच्या संपादनाखाली निघाले. पत्रांसाठी स्वतंत्र नियमावली करण्याचा पहिला प्रयत्न त्यांनी १९८० मध्ये सुझान स्लुइझर यांच्यासोबत केला. तो गुंतागुंतीचा वाटला म्हणून त्यातले जास्तीचे काढून टाकले आणि ऑगस्ट १९८२ मध्ये एसएमटीपी ही सुटसुटीत नियमावली प्रसिद्ध केली. आरएफसी मालिकेतील तिचा क्रमांक ८२१.

ही नियमावली म्हणजे दोन सर्व्हरमधला संवाद. पाठवणारा सर्व्हर आधी नमस्कार करून आपली ओळख सांगतो. मग पत्र कोणाकडून आले ते सांगतो आणि नंतर कोणासाठी आहे ते. घेणारा प्रत्येक वाक्याला तीन अंकी क्रमांकाने उत्तर देतो. २५० म्हणजे ठीक आहे, ५५० म्हणजे अशी पेटी येथे नाही. सगळे जमले की मगच पत्राचा मजकूर जातो. पाच जणांसाठीचे पत्र असेल तर नावे पाच सांगायची, मजकूर मात्र एकदाच.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. सर्व्हर एकमेकांना जो पत्ता सांगतात तो पाकिटावरचा पत्ता. आपल्याला पडद्यावर प्रेषक म्हणून जे नाव दिसते ते पाकिटाच्या आतील कागदावरचे. ही दोन वेगळी असू शकतात. त्यामुळेच पत्र पुढे पाठवणे शक्य होते. आतला कागद जसाच्या तसा ठेवून पाकिटावर नवा पत्ता घातला की झाले.

पत्ता बदललेल्या माणसाचा विचार पोस्टेल यांनी या नियमावलीत स्वतंत्रपणे केला होता. समजा, पत्रावरचे नाव सर्व्हरला माहीत आहे, पण तो माणूस आता दुसरीकडे असतो. अशा वेळी सर्व्हरला दोन उत्तरे देता येतात. पहिले २५१. याचा अर्थ, हा माणूस येथे नाही, पण पत्र माझ्याकडे द्या, मी त्याच्याकडे पाठवतो. दुसरे ५५१. याचा अर्थ, हा माणूस येथे नाही, त्याचा नवा पत्ता हा, तुम्हीच तिकडे पाठवा. पहिल्या प्रकारात जबाबदारी घेणाऱ्याची, दुसऱ्यात पाठवणाऱ्याची. पत्र घेऊन गप्प बसण्याची मुभा मात्र कोणालाच नाही. पुढे पाठवण्यासाठी घेतलेले पत्र पोहोचवता आले नाही, तर मूळ पाठवणाऱ्याला तसे कळवलेच पाहिजे, असा नियम पोस्टेल यांनी घातला. ही सूचनाच पोहोचली नाही तर तिची सूचना, मग तिची सूचना, असा फेरा सुरू होऊ नये म्हणून अशा सूचनेवर परतीचा पत्ता कोरा ठेवण्याची युक्तीही त्यांनी सांगून ठेवली.

नियम झाला, पण कोणाचे पत्र कुठे पाठवायचे हे सर्व्हरला सांगणार कोण? त्या काळात बर्कली विद्यापीठात एरिक ऑलमन यांनी केलेला सेंडमेल हा कार्यक्रम युनिक्स संगणकांवर सर्वत्र पसरला. त्यात दोन सोयी होत्या. एक म्हणजे व्यवस्थापकाने ठेवलेली सर्वांची मिळून एक यादी. दुसरी सोय अधिक मोकळी. प्रत्येक वापरकर्ता आपल्या स्वतःच्या कप्प्यात डॉट फॉरवर्ड नावाची छोटी फाइल ठेवून तीत नवा पत्ता लिहू शकत असे. व्यवस्थापकाकडे अर्ज करण्याची गरज नाही. एक प्रत जुन्या पेटीतही राहावी असे वाटले, तर त्या फाइलमध्ये आपलेच नाव आधी तिरपी रेघ देऊन लिहायचे. ती रेघ विसरली तर सर्व्हर पुन्हा तीच फाइल उघडून तेच नाव वाचण्याची शक्यता, म्हणून ही काळजी. आज आपण मेलच्या सेटिंगमध्ये एका चौकटीत पत्ता भरतो आणि प्रत ठेवावी का, यावर खूण करतो. त्यामागे हीच जुनी व्यवस्था आहे.

पोस्टेल यांच्या नावाने ओळखले जाणारे एक तत्त्व आहे. आपण काही पाठवताना नियम काटेकोर पाळावेत. दुसऱ्याकडून आलेले घेताना मात्र थोडे सांभाळून घ्यावे. वेगवेगळ्या हातांनी बनवलेले संगणक एकमेकांशी बोलू शकले ते बऱ्याच अंशी या तत्त्वामुळे. पण त्याची किंमतही मोजावी लागली. १९८२ मध्ये या जाळ्यात काही शेकडो संगणक होते आणि ते चालवणारे लोक एकमेकांना ओळखत. पाकिटावर प्रेषकाचा पत्ता खरा आहे की खोटा, हे तपासण्याची तरतूद नियमावलीत नव्हती. जाळे जगभर पसरल्यावर त्या मोकळेपणाचा फायदा भामट्यांनी घेतला.

त्यावर उपाय म्हणून पुढे असे ठरले की, आमच्या नावाची पत्रे फक्त या सर्व्हरवरून निघतात, अशी यादी प्रत्येक संस्थेने जाहीर करावी. उपाय चांगला, पण पुढे पाठवलेल्या पत्रांची त्यात पंचाईत झाली. बँकेने पाठवलेले पत्र जुन्या महाविद्यालयाच्या सर्व्हरने पुढे पाठवले, की शेवटच्या सर्व्हरला ते बँकेच्या यादीत नसलेल्या ठिकाणाहून आलेले दिसते आणि तो ते संशयित म्हणून बाजूला टाकतो. म्हणून आता पुढे पाठवणारे सर्व्हर पाकिटावरचा परतीचा पत्ता आपल्या नावाने बदलून घेतात, तर मूळ पाठवणारे पत्रावर न पुसली जाणारी सांकेतिक सही करतात. मजकुराला वाटेत कोणी हात लावला नाही, तर ती सही शेवटपर्यंत टिकते. ५५१ हे उत्तर तर फारसे कोणी देत नाही, कारण त्यात अनोळखी माणसाला आपला नवा पत्ता कळतो.

पोस्टेल यांच्या याद्या दरम्यान वाढतच होत्या. १९८३ मध्ये त्यांच्याच संस्थेतील पॉल मोकापेट्रिस यांनी डोमेन नावांची व्यवस्था आखली. देशांना दोन अक्षरी नावे द्यायची वेळ आली तेव्हा कोणता प्रदेश देश आणि कोणता नाही, या वादात पडणे पोस्टेल यांनी टाळले. आंतरराष्ट्रीय मानक संस्थेची तयार यादी त्यांनी जशीच्या तशी घेतली. भारताचे डॉट इन हे नाव १९८९ मध्ये नोंदले गेले आणि त्याचा कारभार सुरुवातीची अनेक वर्षे मुंबईत, जुहू येथील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्राकडे होता. भारतात ईमेलची सुरुवात करणाऱ्या अर्नेट या शैक्षणिक जाळ्यातही या केंद्राचा आणि पवईच्या आयआयटीचा पुढाकार होता.

नव्वदच्या दशकात या याद्यांमागे पैसा उभा राहिला. नावे विकली जाऊ लागली आणि एका माणसाच्या शब्दावर एवढा कारभार चालतो, हे अनेकांना खुपू लागले. २८ जानेवारी १९९८ रोजी पोस्टेल यांनी नावांच्या मूळ सर्व्हरची देखभाल करणाऱ्यांपैकी आठ जणांना पत्र पाठवले. आजवर ज्या खासगी कंपनीच्या संगणकावरून यादी घेत होतात, ती यापुढे माझ्या संस्थेच्या संगणकावरून घ्या, एवढेच त्यात होते. आठही जणांनी ऐकले. इंटरनेट वापरणाऱ्या कोणालाही काही जाणवले नाही, पण वॉशिंग्टनमध्ये खळबळ उडाली. सरकारने सांगताच पोस्टेल यांनी काही दिवसांत सारे पूर्ववत केले. आपण केवळ चाचणी घेतली, असे त्यांचे म्हणणे होते. इतका मोठा बदल एका साध्या पत्राने होऊ शकतो, याचा अर्थ सर्वांनाच कळला. ही जबाबदारी व्यक्तीकडून संस्थेकडे जायला हवी, हे पोस्टेल यांनाही मान्य होते आणि त्यासाठी ते स्वतः झटत होते. ३० सप्टेंबर १९९८ रोजी आयकॅन ही ना-नफा संस्था स्थापन झाली.

त्यानंतर १६ दिवसांनी पोस्टेल यांचे निधन झाले. त्यांच्या हृदयाची एक झडप गळत होती. झडपेचे काम रक्त पुढे जाऊ देण्याचे आणि मागे येऊ न देण्याचे. ती नीट मिटेनाशी झाली, की प्रत्येक ठोक्याला थोडे रक्त मागे येते, तेच पुन्हा पुढे ढकलावे लागते आणि हृदय थकत जाते. ती झडप बदलण्याची शस्त्रक्रिया झाली, पण नंतर गुंतागुंत होऊन १६ ऑक्टोबर १९९८ रोजी लॉस एंजेलिस येथे त्यांची प्राणज्योत मालवली. वय होते अवघे ५५.

एका माणसाच्या भरवशावर चालणारे काम त्याच्या जाण्याने थांबण्याची भीती होती. तसे झाले नाही. आरएफसी मालिकेचे संपादन जॉइस रेनॉल्ड्स आणि बॉब ब्रेडन या त्यांच्या सहकाऱ्यांनी उचलले. व्हिंट सर्फ यांनी लिहिलेला श्रद्धांजलीचा लेख त्या मालिकेतच २४६८ या क्रमांकाने प्रसिद्ध झाला. याद्यांचे काम आयकॅनकडे गेले आणि तेथे आजही चालू आहे. एसएमटीपीची नियमावली २००१ आणि २००८ मध्ये सुधारून पुन्हा लिहिली गेली. २५१ आणि ५५१ ही उत्तरे तीत कायम आहेत. पोस्टेल यांच्या नावाने इंटरनेट सोसायटी दरवर्षी पुरस्कार देते. १९९९ मधील पहिला पुरस्कार मरणोत्तर त्यांनाच देण्यात आला.

आपल्यापैकी ज्यांनी आपली पत्रे दुसऱ्या पत्त्यावर वळवली आहेत, त्यांनी या निमित्ताने चार गोष्टी तपासाव्यात. जुन्या पेटीत प्रत राहते आहे ना, हे पाहावे. नवी पेटी भरली किंवा बंद पडली तर तीच उपयोगी पडते. अ कडून ब कडे आणि ब कडून पुन्हा अ कडे, असा फेरा तर होत नाही ना, याची खात्री करावी. वैद्यकीय अहवाल आणि कार्यालयीन कागद खासगी पत्त्यावर वळवण्याआधी संस्थेचा नियम विचारावा. आणि सर्वात महत्त्वाचे, सेटिंगमध्ये आपण न लिहिलेला एखादा पत्ता नाही ना, हे अधूनमधून बघावे. खात्यात घुसलेला चोर बहुतेकदा तेथे स्वतःचा पत्ता गुपचूप लिहून ठेवतो आणि परवलीचा शब्द बदलला तरी पत्रांच्या प्रती त्याच्याकडे जातच राहतात. ओळ लिहून झाली की दुसऱ्या एखाद्या खात्यावरून स्वतःलाच एक पत्र पाठवावे आणि ते पोहोचले का ते पाहावे.